ट्रॅक्टर, ट्रॉली व हुकावरील भार

उन्हाळ कांदा निघूं लागला म्हणजे निफाड, चांदवड, देवळा, बागलाण व येवलें या तालुक्यांतील रस्ते ट्रॅक्टरांनीं भरून जातात. १९४७ सालीं स्थापन झालेल्या लासलगांवच्या बाजार समितींत, तसेंच पिंपळगांव बसवंत, उमराणें वगैरे ठिकाणीं माल वाहनांतच लिलावास उभा राहतो. त्यामुळें चाळीपासून बाजारापर्यंतचा सर्व प्रवास बहुधा एकाच ट्रॉलींतून घडतो. उसाच्या हंगामांत हीच ट्रॉली कारखान्याच्या वाटेस लागते. शेतकऱ्याचा वर्षाचा माल, त्याचें महागडें यंत्र आणि चालकाचा जीव हीं तिन्ही त्या वेळीं एका लोखंडी पिनेवर अवलंबून असतात. असें असतां त्या पिनेवर नेमका किती भार पडतो, हें सांगूं शकणारा मनुष्य क्वचितच भेटतो. त्या विषयाची थोडी फोड करावी या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

ट्रॅक्टर घेतांना आपण पहिला प्रश्न विचारतों तो 'किती अश्वशक्तीचा?' आणि दुसरा 'किती ओढतो?' विक्रेताही या दोन प्रश्नांचीं उत्तरें आनंदानें देतो. परंतु खरें पाहतां विचारावयाचे प्रश्न तीन आहेत : यंत्र किती ओढील, किती पेलील आणि किती आवरील? सपाट रस्त्यावर ओढणें हें या तिहींपैकीं सर्वांत सोपें काम. चाकांवर ठेवलेलें ओझें चांगल्या डांबरी रस्त्यावरून हलविण्यास त्या ओझ्याच्या शेंकडा दोन-तीन इतकाच जोर पुरतो. पांच टनांची ट्रॉली सव्वाशें-दीडशें किलोंच्या ओढीनें चालत राहते. यामुळें ट्रॅक्टर निघाला म्हणजे भार झेपला, असा समज होतो. तो समज खरा नाहीं. ओढण्याची मर्यादा बहुधा सर्वांच्या शेवटीं येते. पेलण्याची व आवरण्याची मर्यादा तिच्या पुष्कळ अगोदर ओलांडली गेलेली असते, आणि ती ओलांडली गेल्याचें चालकास कळतही नाहीं.

बैलगाडीची साक्ष :—

हा भेद आपल्या वाडवडिलांस चांगला ठाऊक होता. बैलगाडी भरतांना ओझें आंसाच्या मागें अधिक गेलें म्हणजे गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जातें, गळ्याखालचा पट्टा ताणतो व बैल गुदमरतात. ओझें पुढें अधिक झालें म्हणजे गाडी धुरेवर जड होते व बैलांचे खांदे सुजतात. म्हणून जाणता गाडीवान भरलेल्या गाडीची धुरा एकदां हातानें उचलून पाही. ती थोडीशी जड लागली म्हणजे भरणी बरोबर झाली. एकूण ओझें बैलांना ओढवेल कीं नाहीं हा एक प्रश्न, आणि त्यांतील किती ओझें खांद्यावर येईल हा दुसरा. बैल बोलत नसला तरी त्याचा सुजलेला खांदा डोळ्यांस दिसतो. ट्रॅक्टरचा खांदा सुजत नाहीं. म्हणून तेथें डोळ्यांचें काम हिशोबानें करावें लागतें.

दोन चाकांची ट्रॉली :—

दोन चाकांची ट्रॉली ही तत्त्वतः बैलगाडीच होय. तिचा बराचसा भार स्वतःच्या चाकांवर व उरलेला दांडीच्या द्वारें ट्रॅक्टरच्या हुकावर पडतो. हुकावरील हा भार अगदींच नको असें नाहीं. तो मुळींच नसला, अथवा उलाळ गाडीप्रमाणें उलटा असला, तर ट्रॉली डुलूं लागते व ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची जमिनीवरील पकड घटते. तो मर्यादेंत असला तर ती पकड वाढते. परंतु हूक मागच्या आंसाच्याही मागें असतो, ही गोष्ट विसरतां कामा नये. मागचा आंस हा टेकू, हुकावरचें ओझें एका टोंकास आणि ट्रॅक्टरचें पुढील अंग दुसऱ्या टोंकास, अशी ही तरफ बनते. हुकावर ओझें चढलें कीं पुढचीं चाकें हलकीं होतात. आणि वळण्याचें काम तर पुढच्याच चाकांचें.

एक उदाहरण मांडूं. यांतील आंकडे समजुतीसाठीं घेतले आहेत. प्रत्येकानें त्यांच्या जागीं आपल्या यंत्राचे आंकडे घालावे. समजा, ट्रॅक्टर २,००० किलो वजनाचा आहे. त्यांपैकीं ८०० किलो पुढच्या आंसावर व १,२०० किलो मागच्या आंसावर. दोन आंसांमधील अंतर १९० सेंटिमीटर. हूक मागच्या आंसाच्या ७० सेंटिमीटर मागें व जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच. रिकामी ट्रॉली १,५०० किलो, तींत कांदा ३५ क्विंटल. मिळून ५,००० किलो. यांपैकीं दहावा हिस्सा, म्हणजे ५०० किलो, हुकावर येतो. ५०० ला ७० नें गुणून १९० नें भागलें म्हणजे १८४ येतात. इतके किलो पुढच्या आंसावरून उचलले गेले. तेथें ८०० चे ६१६ राहिले. मागच्या आंसावर मात्र ५०० नव्हे, तर ६८४ किलो वाढले. कारण पुढून उचललेलें वजनही मागेंच जाऊन बसतें.

हाच ट्रॅक्टर आतां घाट चढूं लागला, आणि चढ पंधरास एक या प्रमाणाचा आहे, असें समजूं. चढावर ट्रॉली मागें खेंचते. ती ओढ सुमारें ४७० किलोंची होते व हुकाच्या उंचीमुळें पुढच्या आंसावरील आणखी सव्वाशें किलो भार उचलते. ट्रॅक्टरचें स्वतःचें वजनही चढावर मागें कलतें. त्यापायीं पन्नासएक किलो जातात. पुढच्या आंसावर सुमारें ४४० किलो उरतात. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान पांचवा हिस्सा पुढच्या आंसावर राहिला पाहिजे, असा या विषयांतील रूढ नियम आहे. येथें पांचवा हिस्सा म्हणजे ४०० किलो. तेव्हां ही भरणी जेमतेम बसते.

आतां ट्रॉली तीच, कांदाही तितकाच. परंतु भरणाऱ्यांनीं ढीग पुढच्या फाळक्याकडे चढविला असें धरूं. दांडीच्या टोंकापासून ट्रॉलीच्या आंसापर्यंत तीन मीटर अंतर असल्यास, ढिगाचा मध्य एका वितीहून थोडा अधिक पुढें सरकला कीं हुकावरील भार ५०० चा ८०० होतो. मग त्याच चढावर पुढच्या आंसावर ३३० किलोच राहतात. चालक स्टिअरिंग फिरवितो, चाकेंही वळतात, परंतु ट्रॅक्टर सरळच जातो. वळणावर सरळ जाणें म्हणजे काय, हें घाटाच्या रस्त्यावर सांगण्याची आवश्यकता नाहीं. वजनकाट्याची पावती मात्र दोन्ही वेळां एकच आली असती. आम्हीं बरींच वर्षें महसुली दप्तरांत काढलीं. एकूण बेरीज बरोबर असूनही रक्कम भलत्या रकान्यांत पडली तर हिशोब चुकतो, हें तेथील पहिलें शिक्षण होय. ट्रॉलीच्या भरणीस तोच नियम लागू आहे.

हुकाची उंची :—

वरील हिशोबांत हूक ५० सेंटिमीटर उंच धरला आहे. तो जितका उंच, तितकी ओढीनें ट्रॅक्टरचें नाक उचलण्याची शक्ति अधिक. म्हणून ओढण्याची सांखळी किंवा दांडी मागच्या आंसाच्या मध्यरेषेच्या वर कधींही बांधूं नये. चिखलांत रुतलेली ट्रॉली काढण्याच्या घाईंत कित्येक जण नांगर जोडण्याच्या वरच्या दांड्याला, अथवा सीटखालच्या लोखंडाला, दोर किंवा सांखळी बांधतात. मागचीं चाकें जमिनींत घट्ट बसलेलीं असलीं आणि ट्रॉली हलली नाहीं, तर इंजिनाचा जोर चाकें फिरविण्याऐवजीं ट्रॅक्टरच मागच्या आंसाभोंवतीं उभा करतो. हें सर्व एक-दीड सेकंदांत घडतें. तेवढ्या वेळांत क्लच दाबण्याचें भान कोणासच राहत नाहीं, मग तो चालक कितीही जुना असो.

पांचवें चाक :—

हुकाचें ओझें आंसाच्या मागें न घेतां थेट आंसावरच घेतलें तर पुढचीं चाकें हलकीं होण्याचा प्रश्न मिटेल, असें कोणाही विचारी मनुष्यास सुचेल. ही सोय पूर्वींच झालेली आहे. घोड्यांच्या चारचाकी गाड्यांत पुढचा आंस वळतां यावा म्हणून आंस व गाडीचा तळ यांच्यामध्यें एक आडवें लोखंडी कडें बसवीत. चार उभ्या चाकांनंतरचें हें आडवें चाक. म्हणून त्याला इंग्रजींत 'पांचवें चाक' अशा अर्थाचें नांव पडलें. पुढें तेंच नांव मोटार-ट्रकांच्या जोडणीस मिळालें. नाशिकचीं द्राक्षें थंड कंटेनरांत भरून न्हावा-शेवा बंदराकडे जातात, तेव्हां त्या लांब ट्रेलरची जोडणी पाहावी. ट्रकच्या मागच्या आंसावर खांच असलेली एक जाड लोखंडी थाळी असते व ट्रेलरच्या पुढील तळाची पिन तींत अडकते. ट्रेलरच्या पुढील अंगाचें ओझें ट्रकच्या शेपटावर न पडतां पाठीवर पडतें. त्यामुळें ट्रकचें नाक उचलत नाहीं व ट्रेलर डुलतोही कमी.

अमेरिकेंत ही जोडणी घरगुती वाहनांतही आली आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे मुलगे अथवा पुतणे तिकडे आहेत, त्यांनीं तेथील फिरत्या घरांविषयीं ऐकलें असेल. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली खोलीच चाकांवर बसवितात. तिला कॅम्पर म्हणतात. पिकअपच्या मागच्या हौद्यांत पांचव्या चाकाची जोडणी बसवून तो कॅम्पर मुलुखभर ओढून नेतात. तेथील सर्वसाधारण पिकअपला 'अर्ध्या टनाची गाडी' म्हणतात. एके काळीं तिच्या हौद्यांत अर्धा टन माल भरावयाचा, यावरून तें नांव पडलें. आजच्या त्या गाड्या अर्ध्या टनाहून अधिक पेलतात, पण नांव जुनेंच चालूं आहे.

या गाडीच्या जाहिरातींत साडेचार टन, पांच टन ओढण्याची ग्वाही मोठ्या अक्षरांत असते. परंतु तिच्या दाराच्या चौकटीवर एक लहान पट्टी चिकटविलेली असते व माणसें आणि सामान मिळून गाडीनें किती भार पेलावा, तो आंकडा तीवर लिहिलेला असतो. तो पुष्कळ वेळां सातशें ते नऊशें किलोंच्या आसपास भरतो. पांचव्या चाकाच्या कॅम्परचा सुमारें पांचवा हिस्सा भार पिनेवर येतो, असें तेथील अनुभवी लोक धरून चालतात. आतां हिशोब करावा. कॅम्पर चार टनांचा; गाडी साडेचार टन ओढते; म्हणजे ओढण्यास अडचण नाहीं. परंतु पिनेवर आले ८०० किलो. जोडणीचें लोखंड, चार माणसें आणि त्यांचें सामान यांचे आणखी तीनशें-चारशें किलो. पट्टीवर आंकडा ७५० चा असेल तर गाडीच्या पाठीवर दीडपटीहून अधिक ओझें झालें. मग मागच्या स्प्रिंगा बसतात, टायर तापतात आणि उतारावर ब्रेक पुरत नाहींत. गाडी मात्र निमूटपणें ओढीत राहते.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. चांगली जोडणी ओझ्याची जागा सुधारते. ओझें कमी करीत नाहीं. आणि ओढण्याचा आंकडा व पेलण्याचा आंकडा हे एकाच यंत्राचे असले तरी एकमेकांची हमी देत नाहींत. श्रीमंत देशांतील सुशिक्षित गिऱ्हाईक जेथें मोठ्या अक्षरांस भुलतो, तेथें आपल्या शेतकऱ्यास एकट्यास दोष देण्याचें कारण नाहीं. तथापि आपला उतार आपणांसच उतरावयाचा आहे.

चार चाकांची ट्रॉली :—

आपल्याकडील चार चाकांच्या ट्रॉलीचीं पुढचीं चाकें अशाच आडव्या कड्यावर फिरतात. म्हणजे ते जुने पांचवें चाक तिच्या पोटाखालीं आजही आहे. हिचा सर्व भार तिच्या स्वतःच्या चारही चाकांवर असतो व हुकावर दांडीच्या वजनापलीकडे फारसें कांहीं येत नाहीं. म्हणून पुष्कळांस वाटतें कीं, या ट्रॉलींत वाटेल तेवढें भरावें. ट्रॅक्टरचें नाक उचलण्याची भीति नाहीं. पहिली भीति कमी झाली हें खरें. परंतु हुकावर भार नसल्यामुळें ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांस मिळणारी जादा पकडही गेली. उतारावर ही ट्रॉली मागून ढकलते, आणि ढकलणारें ओझें ट्रॅक्टरच्या तिप्पट-चौपट असतें. वळणावर ढकल तिरपी लागली कीं ट्रॅक्टर व ट्रॉली चाकूच्या पात्याप्रमाणें मिटतात. उसाच्या हंगामांत एकामागें एक अशा दोन ट्रॉल्या जोडतात, त्या वेळीं तर ही ढकल दुणावते.

आवरण्याचा हिशोब :—

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. सामान्यतः ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांवरच लागतात, आणि आपल्याकडील पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे सात टनांचा सर्व लवाजमा दोन चाकांनीं थांबवावयाचा. वरच्याच उदाहरणांतील दोनचाकी ट्रॉली घेऊं. मागच्या आंसावर हुकाच्या भारासह सुमारें १,९०० किलो आहेत. सुक्या रस्त्यावर चाकांची पकड त्या वजनाच्या निम्मी धरली, तर थोपविण्याचा जोर स्थूल मानानें ९०० किलो होतो. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर या हिशोबानें पुढीलप्रमाणें येतें.

एकटा ट्रॅक्टर, सपाट रस्ता, ताशी २० किलोमीटर वेग : सुमारें ५ मीटर.
ट्रॅक्टर व भरलेली ट्रॉली, सपाट रस्ता, वेग २० : सुमारें १२ मीटर.
तीच ट्रॉली, सपाट रस्ता, वेग ४० : सुमारें ४९ मीटर.
तीच ट्रॉली, पंधरास एक उतार, वेग २० : सुमारें २५ मीटर.
तीच ट्रॉली, तोच उतार, वेग ४० : सुमारें १०० मीटर.

समोरचें संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जें अंतर कापलें जातें, तें यांत धरलेलें नाहीं. वेग दुप्पट झाला कीं अंतर चौपट होतें, हें वरील आंकड्यांवरून दिसेलच. परंतु खरी भयंकर गोष्ट पुढेंच आहे. पावसाची पहिली सर पडून रस्ता निसरडा झाला, अथवा त्यावर शेतांतला चिखल सांडला, आणि पकड निम्म्याची पाव झाली, तर थोपविण्याचा जोर ४५० किलोंवर येतो. त्या उतारावर सात टनांची खालीं ओढ मात्र ४६७ किलोंची आहे. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबले, चाकें जाम झालीं, तरी लवाजमा थांबेल याचा भरंवसा नाहीं. तो घसरतच राहील. तेथें चालकाचें कसब, देवाचें नांव किंवा ट्रॅक्टरची अश्वशक्ति यांपैकीं कशाचाच उपयोग नाहीं. तो अपघात उतारावर घडत नाहीं. सकाळीं ट्रॉली भरतांनाच तो ठरून गेलेला असतो.

म्हणूनच कांहीं ट्रॅक्टर-कारखान्यांच्या माहितीपुस्तकांत असा इशारा असतो कीं, ब्रेक नसलेली ट्रॉली भरल्यावर ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जड होऊं देऊं नये. आपल्या उदाहरणांत ही मर्यादा तीन टन होते आणि आपण पांच टन ओढीत आहों. यावर उपाय दोनच : ओझें कमी करणें, अथवा ट्रॉलीस तिचे स्वतःचे ब्रेक बसविणें. तेलाच्या किंवा हवेच्या दाबावर चालणारे व ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबरच लागणारे ब्रेक ट्रॉलीस बसवितां येतात. ज्यांची वाट राहुड घाटासारख्या चढउतारांची आहे, त्यांनीं हा खर्च टायरच्या खर्चाइतकाच आवश्यक समजावा.

भुईकाट्यावर भार मोजण्याची रीत :—

हुकावरील भार मोजण्यास निराळें यंत्र नको. बाजारांतील किंवा कारखान्यावरील भुईकाटा पुरे आहे. मात्र काट्यावर गर्दी नसतांना, काटेवाल्याची परवानगी घेऊन हें काम करावें. प्रथम एकटा ट्रॅक्टर काट्यावर चढवून वजन घ्यावें, आणि मग फक्त पुढचीं चाकें काट्यावर ठेवून दुसरें वजन घ्यावें. नंतर ट्रॉली जोडून, ट्रॅक्टरचीं चारही चाकें काट्यावर व ट्रॉलीचीं चाकें काट्याबाहेर अशा रीतीनें उभें राहून तिसरें वजन घ्यावें. तिसऱ्यांतून पहिलें वजा केलें कीं हुकावरील भार निघाला. त्याच जोडणींत पुन्हां केवळ पुढचीं चाकें काट्यावर घेतलीं म्हणजे पुढच्या आंसावर काय उरलें तेंही कळतें. हे चार आंकडे एका वहींत तारखेसह लिहून ठेवावे. एकदां हें केलें म्हणजे कोणत्या भरणीस ढीग कोठपर्यंत न्यावा, याची खूण फाळक्यावर रंगानें करून ठेवतां येते. मग दरवेळीं काट्यावर जाण्याचें कारण नाहीं.

ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी :—

१. दोन चाकांच्या ट्रॉलींत ढिगाचा मध्य आंसाच्या किंचित् पुढें असावा. माल उतरवितांना प्रथम पुढचा सर्व माल काढूं नये. मागचें ओझें राहून ट्रॉली उलाळ होते व दांडी एकाएकीं वर उडते. हुकावरून सोडलेल्या ट्रॉलींत तर हा धोका दुप्पट.

२. पुढच्या आंसावर वजनाच्या लोखंडी पट्ट्या बसविल्यानें स्टिअरिंगची पकड सुधारते. परंतु तेणेंकरून ब्रेक सुधारत नाहींत, हें विसरूं नये.

३. शेतांत डावा व उजवा ब्रेक वेगवेगळा लागतो, तो वळण्याच्या सोयीसाठीं. रस्त्यावर येण्यापूर्वीं दोन्ही पायदळें खिटीनें एकत्र जोडावीं. एकाच चाकाचा ब्रेक लागला तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा फेंकते.

४. घाट ज्या गिअरमध्यें चढतां, त्याच गिअरमध्यें उतरावा, आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वीं टाकावा. डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रल करून उतरणें ही केवळ आत्मघाताची काटकसर होय. गिअरमध्यें इंजिन स्वतःच लगाम धरतें, आणि त्या वेळीं तें डिझेलही नाममात्रच घेतें.

५. हुकाच्या पिनेस खालून कुलुपी खिळा असावा, व दांडी आणि ट्रॅक्टर यांस जोडणारी सुरक्षा-सांखळी असावी. पिनेऐवजीं गज अथवा तुटका बोल्ट वापरूं नये.

६. ट्रॉलीच्या मागें लाल दिवा व रेडियमची पट्टी असावी. उभी ट्रॉली रात्रीं दिसत नाहीं, म्हणून मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव जातो. त्यांत आपल्या ट्रॅक्टरचें कांहीं बिघडत नाहीं, म्हणून तो दोष लहान ठरत नाहीं.

७. मडगार्डवर, दांडीवर व कांद्याच्या ढिगावर कोणासही बसवूं नये.

कायद्याची बाजू :—

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रकांत लिहिलेल्या वजनाहून अधिक भार भरून वाहन चालविण्यास मनाई आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर १९४ व्या कलमान्वयें या गुन्ह्यास २०,००० रुपये दंड व वरच्या प्रत्येक जादा टनास २,००० रुपये अशी शिक्षा आहे. सातबाऱ्याचा उतारा आपण जपून ठेवतों. ट्रॉलीचें नोंदणीपत्रक मात्र बहुतेकांनीं पुरतें वाचलेलेंही नसतें. त्यांतील रिकामें वजन व कमाल वजन हे दोन आंकडे ट्रॉलीच्या अंगावरही ठळक रंगवून घ्यावे, म्हणजे भरणाऱ्या मजुरांसही ते दिसतील.

एक आक्षेप :—

येथें कोणी म्हणेल कीं, हें सर्व ठीक. परंतु एका खेपेच्या दोन खेपा केल्या तर डिझेल, मजुरी व वेळ दुप्पट लागेल, आणि आज चढलेला भाव उद्यां राहील याचा काय नेम? हा आक्षेप पोकळ नाहीं. कांद्याचा भाव एका रात्रींत कसा पडतो हें नाशिक जिल्ह्यास सांगावयास नको. तथापि यास दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, भरणी सुधारण्यास खर्च नाहीं. ढीग वीतभर मागें ओढणें, ब्रेकची खिटी लावणें व खालचा गिअर टाकणें यांत एक पैसाही जात नाहीं, आणि अर्धा धोका एवढ्यानेंच टळतो. दुसरें असें कीं, जादा खेपेचा खर्च आपण वहींत मांडतों, परंतु जादा ओझ्याचा खर्च कोठेंच मांडीत नाहीं. फुटलेला टायर, झिजलेले ब्रेक, वांकलेला आंस व घासलेला क्लच हे वेगवेगळ्या महिन्यांत येतात, म्हणून ते एका खेपेच्या नांवावर पडत नाहींत. ते तेथें मांडून पाहावे. मग दुसरी खेप वाटते तितकी महाग दिसणार नाहीं.

आणखी एक गोष्ट मालकांनीं मनांत वागवावी. ट्रॉली किती भरावयाची हें मालक ठरवितो, आणि ती उतारावरून आणावयाचें काम पगारी चालकाच्या कपाळीं येतें. 'एवढें ओझें आवरणार नाहीं' असें म्हणण्याचें धैर्य त्यास बहुधा नसतें. कारण दुसरा चालक मिळतो हें त्यासही ठाऊक असतें. म्हणून तें वाक्य त्याच्या तोंडून ऐकण्याची वाट न पाहतां मालकानें आपणच हिशोब करावा, व ज्या ट्रॉलीवर आपल्या मुलास निर्धास्तपणें बसविणार नाहीं, तिच्यावर दुसऱ्याच्या मुलास पाठवूं नये. यंदाच्या हंगामास प्रारंभ करण्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपला ट्रॅक्टर व ट्रॉली एकदां भुईकाट्यावर नेऊन वरील चार आंकडे लिहून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.